खलनायकाला कारण मिळतं तेव्हा

कॉमिक्समधल्या नायकांविषयी पुष्कळ बोललं जातं. आज मी तुमच्याशी बोलणार आहे एका खलनायकाविषयी. खलनायक एकच, पण वेगवेगळ्या हातांनी पुन्हा पुन्हा घडवलेला.

बॅटमॅन आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. दिवसा धनाढ्य गृहस्थ आणि रात्री वटवाघळाच्या वेषात गुन्हेगारांचा पाठलाग करणारा. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत एका लुटारूनं त्याच्या आईवडिलांना गोळ्या घातल्या, म्हणून तो असा झाला. ही हकिगत १९३९ साली सांगितली गेली आणि आजही जवळपास तशीच सांगितली जाते. नायकाला त्याचं ‘का’ पहिल्याच वर्षी मिळालं. त्याच्या एका शत्रूला मात्र ते मिळायला तेहतीस वर्षं लागली.

हा शत्रू पहिल्यांदा १९५९ मध्ये बॅटमॅनच्या अंकात आला. तेव्हा त्याचं नाव होतं ‘मिस्टर झीरो’. गोठवणारी बंदूक बनवताना झालेल्या अपघातामुळे हा शास्त्रज्ञ उबेत जगू शकत नाही. अंगभर गार पोशाख चढवून तो फिरतो आणि हिरे चोरतो. का चोरतो? तर चोर आहे म्हणून! त्या काळच्या कॉमिक्समध्ये खलनायकाला युक्ती लागे, कारण लागत नसे. पुढे दूरचित्रवाणीवरच्या बॅटमॅन मालिकेत, १९६६ मध्ये, त्याचं बारसं पुन्हा झालं आणि तो ‘मिस्टर फ्रीझ’ झाला. त्या मालिकेत तीन वेगवेगळ्या नटांनी त्याचं काम केलं. ऑटो प्रेमिंजर हे नामवंत दिग्दर्शक त्यांतले एक. मालिका गमतीची, खलनायकही गमतीचा.

मग सप्टेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत बॅटमॅनची नवी कार्टून मालिका सुरू झाली. तिच्यातला ‘हार्ट ऑफ आइस’ हा जेमतेम बावीस मिनिटांचा भाग. लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक ब्रूस टिम. त्यांनी फ्रीझला एक नाव दिलं, व्हिक्टर फ्राइझ, आणि एक बायको दिली, नोरा. नोराला असाध्य आजार. औषध सापडेपर्यंत तिला गोठवून जिवंत ठेवायचं, म्हणून तो ज्या कंपनीत नोकरीला असतो तिथलीच यंत्रं वापरतो. कंपनीचा मालक बॉइल खर्च बघून प्रयोग बंद पाडतो. झटापटीत फ्राइझ रसायनांत फेकला जातो, आणि नोरा त्याला कायमची अंतरते. पुढे याच बॉइलला मानवतेच्या सेवेबद्दल पुरस्कार मिळत असतो, त्या समारंभात फ्रीझ सूड घ्यायला येतो.

या भागाच्या लेखनाला डेटाइम एमी पारितोषिक मिळालं. मायकेल अन्सारा यांनी फ्रीझला जो आवाज दिला, त्यात भावनेचा लवलेश नाही. सगळं दुःख त्या कोरडेपणातून ऐकू येतं. पुढे १९९७ च्या चित्रपटात अर्नोल्ड श्वार्झनेगर फ्रीझ झाले. नोरा तिथंही आहे, कारण तेच आहे. पण वाक्यावाक्याला बर्फावरच्या कोट्या! नुसतं कारण देऊन भागत नाही. ते कारण सांगणाऱ्याला गंभीरपणे घ्यावं लागतं.

आता कुणी पालक विचारतील, मुलांना गुन्हेगाराची कीव करायला शिकवणं बरं का? प्रश्न रास्त आहे. उत्तर त्या भागातच आहे. दरोड्याच्या वेळी फ्रीझच्याच एका साथीदाराचे पाय चुकून गोठतात. तो विनवण्या करतो. फ्रीझ त्याला तिथंच टाकून निघून जातो. त्याला उचलून नेतो, उपचार करतो तो बॅटमॅन. शेवटी बॉइलच्या कृत्याची चित्रफीत बॅटमॅन पत्रकार बाईंच्या हाती देतो आणि फ्रीझही कोठडीत जातो. अन्याय खरा होता आणि गुन्हाही खरा होता. दोन्ही गोष्टी एका वेळी मनात धरता येतात, हे त्या बावीस मिनिटांत दहा वर्षांच्या मुलाला कळतं. आपल्याला पेपरातली गुन्ह्याची बातमी वाचताना ते दर वेळी जमतंच असं नाही.

ही कथा इतकी पटली, की मूळ कॉमिक्सनंच ती टीव्हीवरून उचलली. १९९७ मध्ये डिनी यांनीच ती कॉमिकच्या रूपात लिहिली. आता फ्रीझ म्हणजे पत्नीनिष्ठ, दुर्दैवी माणूस, हे पक्कं झालं असं वाटत होतं. पण २०१२ च्या एका विशेषांकात स्कॉट स्नायडर आणि जेम्स टायनियन यांनी पायाखालची सतरंजीच ओढली. या कथेत नोरा त्याची बायको नाहीच! ती खूप वर्षांपूर्वी गोठवून ठेवलेली एक अनोळखी रुग्ण. तिचा अभ्यास करता करता त्यानं मनोमन तिला बायको मानलं. अनेक वाचक नाराज झाले. वीस वर्षं ज्याच्यासाठी हळहळलो, त्याचं दुःखच बनावट ठरवता?

मला मात्र त्या अंकानं एका वेगळ्या गोष्टीकडे बघायला लावलं. या सगळ्या कथांमध्ये नोरा काय करते? काचेच्या पेटीत निजून असते. ती त्याचं कारण आहे, पण तिचं स्वतःचं म्हणणं काय, हे कुणी विचारलंय? २०१९ मध्ये पीटर टोमासी यांच्या कथेत ती अखेर जागी झाली. फ्रीझनं केवढा खटाटोप केला होता! पण ती उठली ती त्याची जुनी, गोड नोरा होऊन नव्हे. तिला गुन्ह्याची गोडी लागली, आणि शेवटी ती त्याच्यावरच उलटली. मला ती कथा रुक्ष वाटली, पण तिनं प्रश्न बरोबर विचारला. ‘मी हे सगळं तुझ्यासाठी केलं’ असं म्हणणाऱ्या माणसानं तिला विचारलं होतं का?

खलनायकाला कारण मिळालं, की तो माणूस वाटू लागतो. हे चांगलंच आहे. पण कारण सांगतो तो स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या सोयीनं. म्हणून त्याची बाजू ऐकून झाली, की आणखी दोघांकडे वळावं. एक, पाय गोठलेला तो साथीदार. दुसरी, काचेआडची ती स्त्री. त्यांचं ऐकल्याशिवाय गोष्ट पुरती कळली असं मी तरी म्हणणार नाही.