दंडधराचा धर्म
समाजातील पोलीस अधिकाऱ्याचे स्थान आणि त्याची घडण

(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

 

मठाच्या उत्सवात वेदान्त, भक्ती, सदाचार या विषयांवर व्याख्याने व्हावीत हे उचितच. परंतु त्यांच्या पंक्तीस पोलीस अधिकाऱ्याचा विषय कशासाठी आणून बसविला, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात, आणि त्या पायरीत ठाण्याची पायरीही लोक मनातल्या मनात धरतात. तथापि उत्सवाच्या रात्री पालखी निघते तेव्हा एक दृश्य नित्य दिसते, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सहस्रावधी भाविक श्रींच्या मुखाकडे पाहत असतात. त्याच वेळी पालखीजवळ उभा असलेला शिपाई श्रींकडे पाठ करून गर्दीकडे पाहत असतो. तो पाठ फिरवितो म्हणून इतरांस निर्धास्तपणे दर्शन घडते. हा मनुष्य कोण, त्याचा धर्म कोणता, आणि त्या धर्मासाठी त्याची घडण कशी व्हावी, हा प्रश्न धर्मसभेत विचारण्याजोगा खचितच आहे.

शास्त्रकारांनी राज्यशास्त्रास ‘दंडनीती’ हेच नाव दिले. सर्व लोक निद्राधीन असता दंड जागा असतो, असा मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातील एका वचनाचा आशय आहे. रात्रीच्या गस्तीचे याहून उदात्त वर्णन क्वचितच आढळेल. परंतु त्याच अध्यायात पुढे एक इशाराही दिलेला आहे. दंड हे महातेज आहे, ते ‘अकृतात्म्यां’ना धारण करता येत नाही, आणि धर्मापासून ढळलेल्या राजाचा ते बांधवांसह नाश करते. ‘अकृतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःला घडविलेले नाही तो. शस्त्र, गणवेश आणि अधिकार एका दिवसात देता येतात. आत्मा घडविण्यास काळ लागतो. पोलीस-शिक्षणाचा सारा प्रश्न या एका शब्दात सामावलेला आहे.

कौटिल्याने हाच विचार व्यवहाराच्या भाषेत मांडला. तीक्ष्ण दंडाने प्रजा उद्विग्न होते, मृदू दंडाने दंड करणाराच तुच्छ ठरतो, आणि यथायोग्य दंड देणारा पूज्य होतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नगराचा अधिकारी जो ‘नागरिक’, त्याची कर्तव्ये दिली आहेत. त्याच्या हाताखालचा ‘गोप’ दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांची माहिती ठेवी. आगीपासून संरक्षण, पाण्याच्या जागांची आणि मार्गांची पाहणी, हरवलेल्या व विसरलेल्या वस्तूंची राखण ही कामे नागरिकाकडे होती. अर्थात चोरास धरणे हा त्याच्या कार्याचा एक भाग होता. वस्तीतील माणसे जाणणे हा त्या कार्याचा पाया होता.

परंतु दंडधराची खरी परीक्षा संशयित त्याच्या हाती सापडतो तेव्हा होते. महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा येथे सर्वांस आठवेल. ऋषी मौनव्रत धारण करून तप करीत होते. चोर मुद्देमालासह त्यांच्या आश्रमात लपले. मागोमाग राजाचे रक्षक आले आणि चोर कोणत्या वाटेने गेले, असे विचारू लागले. ऋषी बोलले नाहीत. झडती घेता चोर आणि चोरीचा माल दोन्ही तेथेच मिळाले. रक्षकांस अधिक विचार करण्याची गरज वाटली नाही. चोरांसह ऋषीही राजापुढे उभे केले गेले आणि त्यांस शूलावर चढविण्यात आले. पुढे सत्य कळल्यावर राजाने क्षमा मागितली, परंतु शूल काही निघेना. अखेर तो मुळाशी कापावा लागला. त्याचा तुकडा देहात वागवीत ते हिंडले, म्हणून त्यांस ‘अणीमांडव्य’ हे नाव पडले.

कौटिल्य चौथ्या अधिकरणात, म्हणजे ‘कंटकशोधना’त, संशयिताच्या चौकशीचा विचार करताना याच मांडव्याचे स्मरण करतो; मात्र त्याची कथा थोडी निराळी आहे. तेथे मांडव्य चोर नसताही यातनांच्या भयाने ‘मी चोर आहे’ असे म्हणतो. यावरून कौटिल्य निष्कर्ष काढतो की पुरावा पूर्ण झाल्यावाचून दंड करू नये. येथे प्रांजळपणे हेही सांगितले पाहिजे की त्याच प्रकरणात काही मर्यादा घालून शारीरिक यातनांना त्याने वाव दिला आहे. शास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्याने ही बाजू झाकून ठेवू नये. पण ज्याने तो वाव दिला, त्यालाच यातनेतून निघणाऱ्या कबुलीवर विश्वास ठेवता आला नाही, हे विसरता येत नाही. आणि मौन पाळणारा अपराधीच असला पाहिजे, व भयाने बोलणारा खरेच बोलत असला पाहिजे, या दोन्ही भ्रमांचे खंडन एकाच ऋषीच्या दोन कथांनी केले आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हे केवळ पुराण नव्हे. 1791 साली पेशव्यांच्या पुण्यात घाशीराम कोतवालाच्या अमलात तेलंगी ब्राह्मणांचा एक समुदाय चोरीच्या संशयावरून अरुंद जागेत कोंडला गेला, आणि त्यातील अनेकजण गुदमरून मेले. शहर खवळले. घाशीराम लोकांच्या हवाली झाला आणि दगडांनी ठेचून मारला गेला. या प्रसंगाचा पूर्वार्ध सर्वजण सांगतात. उत्तरार्धाचा विचार थोडे करतात. कोठडीत चौकशीविना मेलेले ब्राह्मण आणि रस्त्यात न्यायाविना मारलेला कोतवाल, या दोन्ही ठिकाणी दंड धर्मापासून सुटलेलाच होता. अधिकाऱ्याने धर्म सोडला की समाजही तो सोडतो, हा त्या दुर्दैवी दिवसाचा बोध होय.

इंग्रजी अमलात पोलिसांची नवी घडी बसली. 1843 साली सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने आयर्लंडमधील सशस्त्र दलाच्या धर्तीवर तेथे पोलीसव्यवस्था उभारली. 1857 च्या उठावानंतर 1861 चा पोलीस कायदा आला. लंडनमध्ये 1829 साली स्थापन झालेले दल नागरिकांच्या संमतीवर उभे राहू पाहत होते, तर हिंदुस्थानातील दलाचा रोख प्रजेला धाकात ठेवण्याकडे होता. 1902-03 च्या फ्रेझर आयोगाने या दलाचे शिक्षण व संघटना सदोष असल्याचे आणि ते भ्रष्ट व जुलमी मानले जात असल्याचे नमूद केले. स्वतः राज्यकर्त्यांनीच दिलेली ही कबुली होती.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने नवा पाया घातला. अटक केलेल्यास चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, कोणासही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडू नये, हे नागरिकाचे मूलभूत हक्क झाले. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा 1872 च्या पुरावा कायद्यातील नियम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही राखला आहे. 1996 साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची नोंद करणे, आप्तास कळविणे, वैद्यकीय तपासणी करणे हे नियम घालून दिले. 2006 साली प्रकाश सिंह खटल्यात तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे करणे, अधिकाऱ्यास निश्चित मुदत देणे, तक्रार प्राधिकरण स्थापणे इत्यादी आदेश दिले. त्यांची अंमलबजावणी अनेक ठिकाणी अद्याप अपुरी आहे. शूलाचा तुकडा अजून पुरता निघालेला नाही.

आता घडणीचा विचार करू. 1948 साली अबूच्या पहाडावर सुरू झालेली राष्ट्रीय पोलीस अकादमी 1975 साली हैदराबादेस आली, आणि ती आज सरदार वल्लभभाई पटेल यांच्या नावाने ओळखली जाते. तेथे वरिष्ठ अधिकाऱ्यांस कवायत, शस्त्रविद्या, कायदा, तपासशास्त्र यांबरोबर ज्या राज्यात सेवा करावयाची तेथील भाषाही शिकविली जाते. सीमाभागात आणि बहुभाषी नगरांत राहणाऱ्यांस या शेवटच्या विषयाचे मोल सांगावयास नको. मराठी, कोकणी, कन्नड वा तेलुगू बोलणारी एखादी वृद्धा गळ्यातील दागिना गेल्याचे सांगत ठाण्यात येते, तेव्हा तिची भाषा समजणे हाच न्यायाचा पहिला अध्याय असतो. फिर्याद तिला वाचून दाखविणे आणि तिची प्रत विनामूल्य देणे हे तर कायद्यानेच बंधनकारक आहे.

परंतु नागरिकाची गाठ अकादमीतून आलेल्या वरिष्ठाशी क्वचित पडते. ती पडते शिपायाशी. दलात बहुसंख्या त्याची, आणि त्याच्याच शिक्षणाचा काळ थोडा. त्यातही कवायतीचा वाटा मोठा. कवायत हवी, देह आणि आज्ञापालन तीतून घडते. पण संतप्त जमावापुढे रागास आवर घालणे, अत्याचारपीडित स्त्रीशी बोलणे, घाबरलेल्या मुलास विश्वास देणे, वरिष्ठाची आज्ञा बेकायदा असेल तर नम्रपणे नकार देणे, हे केवळ मैदानावर शिकविता येत नाही. पाठशाळेत बटू संथा घेतो तेव्हा केवळ अक्षरे शिकत नाही. गुरूचे वागणे पाहून संयमही शिकतो. ठाण्यात नवा आलेला शिपाईही ठाणेदाराचे वागणे पाहूनच शिकतो. अकादमीने नऊ महिन्यांत शिकविलेले एखादा उद्धट ठाणेदार नऊ दिवसांत पुसून टाकू शकतो, आणि एखादा सज्जन अधिकारी उणे राहिलेले भरून काढू शकतो. महाराष्ट्र पोलीस दलाचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. त्यातील क्रम ध्यानात घ्यावा. सज्जनांचे रक्षण आधी, दुर्जनांचा निग्रह नंतर.

असे घडलेले अधिकारी काय करू शकतात, याचे उदाहरण भिवंडीचे आहे. यंत्रमागांच्या त्या नगरीत 1970 आणि 1984 साली भीषण दंगे झाले होते. पुढे तेथे पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या स्थापिल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे आणि त्या भागाचा पोलीस अधिकारी नियमाने एकत्र बसू लागले, नळाच्या पाण्यापासून भांडणांपर्यंत बोलू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. कौटिल्याच्या गोपाचे कार्य, धाकाऐवजी विश्वासाने, येथे पुन्हा उभे राहिले असे म्हणता येईल.

आणि प्राणांचे मोल देण्याची वेळ आली तेव्हा 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी दहशतवाद्याची बंदूक हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत पकडला गेला. त्याच्यावर पुढे रीतसर खटला चालला, ही गोष्टही त्या हौतात्म्याइतकीच मननीय आहे. ज्याने आपल्या सहकाऱ्याचा प्राण घेतला त्यासही सहकाऱ्यांनी न्यायासनापर्यंत जिवंत पोहोचविले. यथायोग्य दंड तो हाच.

शेवटी भक्तजनांच्या कर्तव्याविषयी दोन शब्द. अधिकाऱ्याने निःस्पृह असावे असे प्रत्येकास वाटते, परंतु आपल्या मुलाची गाडी अडविली की वशिल्याची आठवण होते. चोरास कायद्याने शिक्षा व्हावी असे सर्व म्हणतात, परंतु उत्सवाच्या गर्दीत कोणा परक्या पोरावर पाकीटमारीचा संशय आला की त्याच्यावर हात टाकण्यास दहाजण पुढे सरसावतात. त्या क्षणी मधे पडून त्या पोरास वाचविणाऱ्या शिपायावर चिडणारा भाविक, घाशीरामाच्या दिवसाचे दोन्ही अर्धे पुन्हा घडवू पाहत असतो. तो पोरगा कदाचित चोर असेल. कदाचित मांडव्यही असेल. ते ठरविण्याचे स्थान रस्ता नव्हे.

म्हणून पुढल्या उत्सवात पालखी पुढे जाईल तेव्हा पाठमोऱ्या उभ्या असलेल्या त्या मनुष्यास वाट द्यावी, पाणी द्यावे, पालखी विसावल्यावर दर्शनासाठी त्यास आधी पुढे बोलवावे. आणि त्याच्याकडून अन्याय घडला तर निर्भयपणे, रीतसर दाद मागावी; तीही त्याच्या धर्माची सेवाच होय. श्रीगुरुकृपेने दंडास धर्माची आणि समाजास संयमाची जोड लाभो, एवढीच प्रार्थना.

॥ इति शम् ॥