इतिहासास वाचा फुटते तेव्हा



थोरांच्या तसबिरीस हार घालणे सोपे. त्यांचे म्हणणे ऐकून घेणे तितके सोपे नाही. तसबीर आपणांस प्रश्न विचारीत नाही. तीच व्यक्ती रंगमंचावर सजीव होऊन बोलू लागली, म्हणजे मात्र ऐकणाऱ्यास आपल्या मनाशी उत्तर द्यावेच लागते. या साधनाविषयी आज आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

सुषमा देशपांडे यांनी १९८९ साली ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग रंगभूमीवर आणला. त्यात एकच स्त्री सावित्रीबाई फुले होऊन आपली जीवनकथा समोरच्यांस सांगते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य मुले घोकतात व विसरतात. पण शाळेच्या वाटेवर शेणगोळे झेलणारी बाई समोर उभी राहून बोलली, म्हणजे ते विसरत नाहीत.

अशा प्रयोगाचा पाया मात्र अस्सल साधनांचा हवा. सावित्रीबाईंनी जोतीरावांस लिहिलेली १८५६, १८६८ व १८७७ सालची तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. पहिल्या पत्रात माहेरी झालेला भावाशी वाद आहे. ज्ञातीच्या रूढीस धरून वागावे, असे भाऊ बजावतो आणि बहीण त्यास निर्भयपणे उत्तर देते. दुसऱ्यात, भिन्न जातींच्या एका जोडप्याचे प्राण त्यांनी गावकऱ्यांच्या हातून कसे वाचविले, ते आहे. तिसऱ्यात दुष्काळाची हकीकत आहे.

बंधुभगिनींनो, आपली ही ज्ञातिसंस्था आहे. त्या भावाचे बोल येथे उच्चारले गेले, तर ते आपणांसही टोचतील. ते टोचावेत, असेच आम्हांस वाटते. केवळ आपल्याच ज्ञातीतील थोरांची आरती ओवाळणे म्हणजे इतिहास नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी की, गुणगौरव समारंभात दरवर्षी एका मुलाने वा मुलीने एक ऐतिहासिक व्यक्ती उभी करावी. तिची पत्रे, लेख आधी वाचावेत. वेशभूषा साधी असली तरी चालेल. मग श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत आणि त्या व्यक्तीच्या भूमिकेतूनच उत्तरे यावीत. जेथे साधने मूक आहेत, तेथे मुलाने तसे स्पष्ट सांगावे. व्यक्ती कोणत्या ज्ञातीची, हे मात्र कोणी पाहू नये.

ही सूचना कार्यकारिणीने मनावर घ्यावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.