गावाकडून ऑनलाइन खेळताना



कन्सोलवर ऑनलाइन खेळणं याला मी पोरखेळ मानत नाही. आपल्या कोकणातल्या वाड्यांत आज संध्याकाळी मैदानावर दोन संघ जमवणं कठीण झालं आहे. निम्मी मुलं शिकायला मुंबई-पुण्याला गेलेली असतात. तीच मुलं रात्री साडेनऊला टीव्हीसमोर बसून एका सामन्यात भेटतात, कानाला हेडफोन लावून गावच्या गप्पा मारतात. ही मैत्री टिकली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आणि गावात बसलेला मुलगा हात चांगला चालत असूनही केवळ नेटमुळे हरतो, तेव्हा वाईट वाटतं. घरच्यांनी पन्नास हजारांच्या आसपासचा कन्सोल घेतलेला असतो, बहुतेक गेम ऑनलाइन खेळण्यासाठी वर्गणीही भरलेली असते. मग कनेक्शन मात्र पत्रकावरचा सर्वात मोठा आकडा बघून घेतलं जातं.

त्या आकड्यापासूनच सुरुवात करतो. 100 एमबीपीएस, 300 एमबीपीएस हे सांगतात की एका सेकंदात किती माहिती येऊ शकते. चालू सामन्याला माहिती फारच थोडी लागते. तासभराच्या खेळात साधारण 50 ते 300 एमबी जातात, म्हणजे तेवढ्या वेळात पाहिलेल्या चांगल्या प्रतीच्या व्हिडिओपेक्षा खूपच कमी. पण ही माहिती बारीक बारीक पुड्यांतून, सेकंदाला वीस ते साठ वेळा जाते-येते आणि प्रत्येक पुडी वेळेवर पोचावी लागते. सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या खेळात एक चित्र पडद्यावर जेमतेम 16.7 मिलिसेकंद राहतं. आगरात पाट किती रुंद आहे हा एक प्रश्न, आणि विहिरीवर सोडलेलं पाणी शेवटच्या माडाच्या आळ्यात केव्हा पोचतं हा वेगळाच प्रश्न. खेळाला दुसऱ्याचं उत्तर हवं असतं. आपल्या देशात ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या जानेवारी 2023 मध्ये 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर नेली, पण त्या व्याख्येतही आकडा वेगाचाच आहे.

वेळेचा हिशोब मुलं एका शब्दात सांगतात : पिंग. पुडी सर्व्हरला जाऊन परत येण्याचा हा काळ. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे मुंबईतल्या सर्व्हरपर्यंत अडीचशे किलोमीटरची तार धरली, तर निव्वळ अंतराचे जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं धरून चांगल्या फायबरवर दहा-वीस दिसतात. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईपासूनच 50-60 मिलिसेकंद लागतात आणि ते कोणतीही कंपनी कितीही पैसे घेऊन कमी करू शकत नाही. म्हणून कनेक्शनला दोष देण्याआधी गेमच्या सेटिंगमध्ये कोणता प्रदेश निवडला आहे ते बघा.

शिवाय ठाम 60 चा पिंग हा 20 ते 200 उड्या मारणाऱ्या पिंगपेक्षा कितीतरी बरा. मारामारीच्या खेळांत टोनी कॅनन यांनी 2006 मध्ये जीजीपीओ ही पद्धत आणली. समोरच्याची चाल पोचण्याआधीच यंत्र तिचा अंदाज बांधतं, आणि तो चुकला तर क्षणभर मागे जाऊन चित्र दुरुस्त करतं. आजचे कितीतरी खेळ असाच विलंब झाकतात. पण झाकता येतो तो ठरावीक विलंब. कधी लवकर, कधी उशिरा, कधी पुडीच गायब, असं झालं की खेळाडू जागच्या जागी उड्या मारू लागतो.

आता घरापर्यंत नेट आणायचं कशातून? माझं मत स्पष्ट आहे : फायबर मिळत असेल तर पन्नास एमबीपीएसचं का होईना, फायबरच घ्या. गावोगावी फायबर नेण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट म्हणू लागले. तिचं लक्ष्य सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती. पण ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून तुमच्या वाडीपर्यंतचं अंतर बहुधा गावातला केबलवालाच पार करतो, विजेच्या आणि टेलिफोनच्या खांबांवरून तार ओढत. त्याच्याशी नीट बोला. तुमची लाइन तालुक्यातून एकाच बाजूने येते की दोन्ही बाजूंनी? रस्त्याच्या कामात जेसीबीने तार तोडली तर जोडायचं मशीन तुमच्याकडे आहे की चिपळूणहून मागवावं लागतं? पावसात झावळी पडून तार गेली तर माणूस कोण येतो? ही उत्तरं देणारा केबलवाला महिन्याला शंभर रुपये जास्त घेत असेल तरी तोच निवडावा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात आपण किती दिवस अंधारात काढले, ते इथे कोणाला सांगायला नको. दुरुस्तीला जवळचा माणूस असणं म्हणजे काय, हे आपल्याला चांगलं कळतं.

फायबर घरात आल्यावर एक गोष्ट स्वतः तपासा. पांढऱ्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर प्रकाशाची ताकद लिहिलेली असते, उणे आकड्यात. उणे 18 ते उणे 24 असेल तर निर्धास्त राहा. उणे 27 च्या आसपास गेली की कनेक्शन काठावर आहे, दर तीन अंकांना प्रकाश निम्मा होतो. अशा वेळी आधी तार बघा. ओटीवरच्या खिळ्याला घट्ट गुंडाळलेली, दारात चेपलेली तार मी कितीदा पाहिली आहे. ती मोकळ्या वेटोळ्यात सोडली की आकडा सुधारतो.

फायबर नसेल तर टॉवरवरून येणारं नेट. 2023 पासून छतावर डबा बसवून 5जी घरात देणाऱ्या सेवा सुरू झाल्या. दुपारी त्यांच्यावर उत्तम खेळता येतं. रात्री नऊनंतर सगळं गाव त्याच टॉवरवर व्हिडिओ बघतं तेव्हा पिंग उड्या मारतो. म्हणून आधी शेजाऱ्याकडे, खेळायच्याच वेळी बघा. डबा टॉवरच्या दिशेने, उघड्यावर, उंच लावून घ्या, कारण डोंगराच्या कुशीतल्या घराला दहा फुटांचा फरकही पुरतो. आणि या नेटवर अनेक घरांना मिळून बाहेरच्या जगात एकच पत्ता दिलेला असतो. खेळाडू थेट एकमेकांना जोडले जातात त्या खेळांत यामुळे मित्राचा गट जुळत नाही, आवाज ऐकू येत नाही. प्लेस्टेशनच्या नेटवर्क चाचणीत नॅट टाइप 3 दिसला तर हे कारण असू शकतं. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मिळतो का विचारा. काही छोटे फायबरवाले थोडे जादा पैसे घेऊन देतात.

उपग्रहाबद्दल लोक हल्ली फार विचारतात. जुन्या पद्धतीचा उपग्रह 35,786 किलोमीटर वर असतो. प्रश्न वर-खाली, उत्तर वर-खाली, म्हणजे चार खेपा. प्रकाशालाही जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. त्यावर खेळ नाही. स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर आहेत, त्यामुळे अंतराचा प्रश्न संपतो. भारतात तिला जून 2025 मध्ये दूरसंचार खात्याचा परवाना मिळाला. मात्र तिच्या डिशला मोकळं आकाश लागतं आणि माडाफणसांच्या आगरात ते सोपं नाही. झाडाआड क्षणभर तुटलेलं नेट सिनेमात कळत नाही, सामन्यात लगेच कळतं.

बाहेरचं सगळं ठीक असूनही खेळ अडकतो, त्याचं मूळ पुष्कळदा घरातच सापडतं. एका घरी फायबर होतं, दिवसा पिंग 18, आणि रोज रात्री सामना सुरू झाला की तीनशे-चारशे. टीव्हीपासून राउटरपर्यंत सगळं तपासून झालं. मग लक्षात आलं की वडील नऊच्या सुमाराला घरी येतात, त्यांचा फोन वाय-फायला जोडला जातो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढू लागतात. त्या योजनेत वर पाठवण्याचा वेग जेमतेम पाच एमबीपीएस होता. तेवढी वाट फोटोंनी भरली की खेळाच्या चिमुकल्या पुड्या राउटरमध्ये रांगेत उभ्या राहतात. फोटो चढवण्याची वेळ पहाटेची केली आणि त्या रात्री पिंग 20 च्या वर गेला नाही. म्हणून योजना घेताना अपलोड किती, हे जरूर विचारा. राउटरमध्ये रांग आवरण्याची सोय असेल तर वेगाची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवा.

चिऱ्याच्या जाड भिंतीतून 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय नीट जात नाही, 2.4 चं जातं पण त्यावर शेजारपाजारची गर्दी. राउटरपासून कन्सोलपर्यंत साधी लॅनची केबल टाका. ती शंभर मीटरपर्यंत चालते. राउटरला छोटा यूपीएस लावा. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि कन्सोल चालू राहिले, पण वीज जाताच राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर सामना गेलाच.

वेगाचा आकडा खरोखर उपयोगी पडतो तो गेम उतरवताना. शंभर जीबीचा गेम 30 एमबीपीएसवर सात तासांहून जास्त घेतो, 100 वर सव्वादोन तास. तो रात्री झोपताना लावावा. महिन्याची डेटा मर्यादा मात्र वाचून घ्या. हवेतून येणाऱ्या नेटला ती बहुधा फायबरपेक्षा कमी असते, आणि ती संपल्यावर वेग इतका उतरतो की पुढचा अपडेट दिवसभर चालतो.

शेवटी पैशांचं. वर्षाचे पैसे एकदम भरले तर जोडणी फुकट, असं कोणी म्हटलं तरी पहिला महिना सुटा घ्या. त्या महिन्यात रात्री नऊ ते अकरा, पावसाच्या दिवशी, शनिवार-रविवारी खेळून बघा आणि पिंग वहीत लिहून ठेवा. तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. तारीख, वेळ, आकडा सांगा. आणि ज्या वाडीत फायबर अजून पोचलेलं नाही तिथल्या मुलांना माझं सांगणं आहे की एकेकट्याने फोन करू नका. एका घरासाठी दोन किलोमीटर तार कोणी ओढत नाही. आठ-दहा घरांची नावं, फोन नंबर आणि पहिल्या महिन्याचे पैसे गोळा करून केबलवाल्याच्या दुकानात जा, सोबत वाडीतला एखादा जाणता माणूस न्या, आणि खांब कुठे कुठे आहेत याचा नकाशा कागदावर काढून त्याच्यासमोर ठेवा.