फडक्यातील विरजण
(आयटी पार्क परिसरातील मराठी कुटुंबांपुढे केलेले भाषण)



२००७ साली नोकरीनिमित्त आम्ही साताऱ्याहून चंदिगढास आलो, तेव्हा सासूबाईंनी सामानात एक सुती फडके ठेवले होते. दह्यात बुडवून सावलीत वाळवलेले! दोन रात्रींच्या प्रवासानंतर ते आम्ही कोमट दुधात सोडले. पहिले दही उशिरा लागले, तेही पातळ. तिसऱ्या दिवशीचे मात्र घट्ट, कवडीदार. कोरड्या फडक्यात ते जिवाणू जगले कसे, हा आजच्या भाषणाचा विषय.

पाणी गेले की पेशीचे आवरण आक्रसते, प्रथिनांच्या घड्या विसकटतात, जनुकद्रव्याला इजा होते. पुष्कळ जिवाणू मरतातच. जे तगतात, त्यांच्या जनुकांत या संकटाची तरतूद असते. पण ती सदैव चालू नसते. आतड्यातील ई. कोलाय जिवाणूचे उदाहरण घ्या. सुबत्तेच्या काळात तो ‘सिग्मा-एस’ नावाचे प्रथिन थोडेसे बनवतो आणि लगेच मोडून टाकतो. पाणी आटून क्षार दाटू लागले की हे मोडणे थांबते. साठलेले सिग्मा-एस मग निराळीच जनुके जागी करते. त्यांपैकी दोन जनुके ट्रेहॅलोज ही साखर बनवितात. ती पाण्याच्या जागी उभी राहून आवरणाला व प्रथिनांना आधार देते.

दह्याच्या जिवाणूंत ही किल्ली नसते. त्यांच्याकडे प्रथिनांची घडी राखणारी जनुके असतात. एरवी त्यांवर दाब ठेवणारी प्रथिने संकटकाळी दूर होतात. शिवाय दुधातील साखर व प्रथिने पेशीभोवती कवच धरतात. मात्र या तयारीला अवधी हवा. एकाएकी सुकवलेली पेशी तयारीविना सापडते. सावलीत सावकाश वाळविण्यामागे सासूबाईंचा अनुभव होता. कारण आम्हांस पुढे कळले.

हेच कार्य शास्त्रीय रीतीने आपल्याच शहरात, सेक्टर ३९ मध्ये चालते. १९८४ साली स्थापन झालेल्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे ‘इमटेक’मध्ये, १९८६ पासून जिवाणूसंग्रह आहे. गोठवून निर्जल केलेले जिवाणू तेथे काचेच्या बंद कुप्यांत वर्षानुवर्षे राहतात. २००२ साली त्यास बुडापेस्ट करारान्वये आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. २०११ साली पुण्यातील संग्रहासही ती मिळाली.

सासूबाई आज नाहीत. विरजण आहे. इकडच्या दुधातील जिवाणू त्यात मिसळले असणारच. ते तेच आहे, असे शपथेवर सांगवत नाही. मुले मात्र त्याला ‘आजीचे दही’ म्हणतात, आणि तेही मराठीत! फडक्याने प्रवास निभावला, पण पुढे रोज दूध घालावे लागले. मंडळाची पन्नास वर्षे याहून वेगळी नाहीत.

ज्यांना विरजण हवे असेल, त्यांनी वाटी घेऊन अवश्य यावे.