काचपेटीतील अनाहूत पाहुणे



समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या परभणीत हा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु रंगीत माशांची काचपेटी आता आपल्या दिवाणखान्यांतही आली आहे. मासे आपण पैसे देऊन आणतो. त्यांच्याबरोबर मात्र पाणवनस्पतींच्या देठांतून, मुळांच्या गाळातून आणि पिशवीतल्या पाण्यातून काही जीव न बोलावता येतात. त्यांच्याविषयी मला एवढेच सांगावयाचे आहे की, अनोळखी जीव दिसताच तो मारू नये आणि बाहेर सोडूही नये, आधी ओळखावा.

ओळखावयाचा म्हणजे काय करावयाचे? लॅटिन नाव मागाहून कळले तरी चालते. प्रथम तो पांढऱ्या वाटीत घ्यावा, भिंगातून पाहावा आणि तीन प्रश्न विचारावेत : अंग कसे आहे, चालतो कसा, खातो काय? पुष्कळ जीव रात्रीच बाहेर पडतात. म्हणून दिवे मालवून तासाभराने बॅटरीच्या उजेडात पेटी पाहावी.

काचेला चिकटलेला, दोऱ्याएवढ्या अंगाचा, टोकाशी तंतू असलेला आणि स्पर्श होताच आखडणारा जीव म्हणजे हायड्रा. काचेवरून सरपटणारा, चपटा, त्रिकोणी डोक्याचा, दोन डोळ्यांचा तो प्लॅनेरिया. हे दोन्ही चिरडू किंवा कापू गेलात, तर तुकड्यांतून नवे जीव उभे राहतात. शत्रू एकाचे चार होतात. शेपटीला पानासारखे तीन कल्ले असतील, तर ते टाचणीचे पिलू होय. टाचणी म्हणजे आपल्या तळ्यांवर भिरभिरणाऱ्या चतुराची नाजूक बहीण. ती वनस्पतीच्या देठात अंडी घालते; पिलू पेटीत जन्मते आणि माशांची बारीक पिले खाते.

खाऱ्या पाण्याच्या पेट्यांतही हाच प्रकार आहे. समुद्रातील दगडांच्या फटींतून केसाळ किडे येतात. त्यांतले बहुतेक उरलेसुरले अन्न खाऊन पेटी स्वच्छ ठेवतात. काहींचे केस मात्र बोटांत रुतून आग करतात. दिसण्यावरून सर्वांना एकच शिक्षा देणे न्यायाचे नव्हे.

आता गोगलगाय घ्या. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून शंख धरा. तोंड डावीकडे उघडत असेल, तर ती बहुधा फायसा. पेट्यांतल्या वनस्पतींबरोबर जगभर पसरलेली. तोंड उजवीकडे आणि शंख पातळ, टोकदार असेल, तर ती लिम्निया असू शकते. गुराढोरांच्या यकृतातील चपट्या कृमीचे बालपण लिम्नियाच्या शरीरात जाते. पेटीत जनावरांचे शेण येत नाही, तेव्हा तेथे भय नाही. परंतु तीच गोगलगाय गुरे पाणी पितात त्या डबक्यात गेली, तर प्रश्न निराळा होतो. केवळ डाव्या-उजव्याच्या ओळखीने एवढा फरक पडतो.

पाहुणे ओळखण्याचे महत्त्व आपल्या शेतकऱ्याला निराळे सांगावयास नको. गाजरगवताची नोंद पुण्यात १९५५ साली झाली. पुढे त्याने आपली माळराने व्यापली. त्याच्यावर उपाय म्हणून १९८३ साली मेक्सिकोतून एक भुंगा आणून, परीक्षा करून सोडण्यात आला. पुढे कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला, तेव्हा मोठी घबराट उडाली. चौकशीत आढळले की, सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण पडले होते. त्यांच्या ओढीने तो तेथे गेला होता. घबराटीपायी भुंगे मारीत सुटलो असतो, तर एक मित्र गमावला असता. आपल्या येथील कृषी विद्यापीठानेही हे भुंगे वाढवून शेतकऱ्यांना दिले आहेत.

याच्या उलट गोष्ट उजनीची. दक्षिण अमेरिकेतील सकर मासा शेवाळ खातो म्हणून लोकांनी पेटीत ठेवला. तो वाढला, पेटी अपुरी पडली, आणि कोणीतरी दया म्हणून त्याला पाण्यात सोडले. आज तो उजनीच्या जलाशयात आहे. त्याच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. ही दया कोणाच्या पोटावर आली, ते पाहा.

म्हणून चार नियम पाळावेत. नवी वनस्पती काही दिवस वेगळ्या बरणीत ठेवावी. पेटीतले पाणी नाल्यात न ओतता कुंडीत किंवा कोरड्या मातीत घालावे. काढलेली वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकावी. मासा नकोसा झाला, तर दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. येलदरीच्या जलाशयात किंवा गंगाखेडला गोदावरीत सोडू नये. नदीत सोडले म्हणजे पुण्य लागते, ही समजूत येथे लागू नाही.

पेटी आपली आहे. नदी सर्वांची आहे.