वनस्पतींचे काय मोजावे? गुणधर्मांची निवड आणि तृणभूमीचा प्रश्न

(पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



संशोधनास आरंभ करताना ‘कसे मोजावे’ याची चिंता आपण पुष्कळ करतो; ‘काय मोजावे’ हा विचार मात्र बहुधा मागे पडतो. उपकरण हाताशी आहे म्हणून, किंवा पूर्वीच्या प्रबंधात तेच मोजले होते म्हणून, आपणही तेच मोजतो. वनस्पतींच्या अभ्यासात ही सवय किती महाग पडू शकते, हे एका भारतीय उदाहरणावरून आज पाहू.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. एकेका झाडावर मोजता येणारे आणि त्याची वाढ, पुनरुत्पादन किंवा तगून राहण्याची क्षमता यांवर परिणाम करणारे वैशिष्ट्य म्हणजे कार्यात्मक गुणधर्म. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ मार्क वेस्टोबी यांनी १९९८ मध्ये पान, उंची आणि बीज यांच्याशी निगडित अवघ्या तीन गुणधर्मांवर आधारलेली योजना सुचवली. पुढे २०१६ मध्ये सँड्रा दियाझ व सहकाऱ्यांनी ४६,०८५ प्रजातींचा जागतिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहा गुणधर्म होते : पूर्ण वाढीची उंची, खोडाची घनता, पानाचे आकारमान, पानाचे दर एकक क्षेत्रामागील शुष्क वजन, पानातील नत्राचे प्रमाण आणि बीजाचे वजन. या सहांमधील सुमारे तीन-चतुर्थांश विविधता केवळ दोन अक्षांवर मांडता येते, असे आढळले. एक अक्ष वनस्पतीच्या व तिच्या अवयवांच्या आकाराचा. दुसरा पानांच्या ‘अर्थकारणाचा’, म्हणजे स्वस्त व अल्पायुषी पाने की खर्चिक व टिकाऊ पाने, या निवडीचा.

यातून पहिला धडा मिळतो. परस्परांशी निगडित असलेले चार गुणधर्म मोजल्याने चौपट माहिती मिळत नाही. एकच गोष्ट चार वेळा मोजली जाते. प्रत्येक अक्षासाठी एखादा चांगला प्रतिनिधी निवडावा आणि वाचलेला वेळ अधिक प्रजाती व अधिक नमुने घेण्यात घालवावा.

दुसरा धडा याहून महत्त्वाचा आहे. ही सहांची यादी कितीही प्रतिष्ठित असली तरी तिच्यात सालीची जाडी नाही आणि जमिनीखालील साठवणीचे अवयवही नाहीत. आपला प्रश्न वणव्याचा असेल, तर नेमके हेच दोन गुणधर्म निर्णायक ठरतात.

उदाहरण सव्हानाचे

आपल्या देशात गवत आणि विरळ झाडे एकत्र नांदणारे विस्तीर्ण प्रदेश आहेत. त्यांना शास्त्रीय परिभाषेत सव्हाना म्हणतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर वृक्षांचे छत्र किमान १० टक्के असल्यास ते वनाच्छादन ठरते. १० ते ४० टक्के छत्र असल्यास ‘खुले वन’. उपग्रहाच्या साहाय्याने देशभर मोजणी करण्यास हा निकष सोयीचा आहे. परंतु विरळ झाडी पाहून ‘हे ऱ्हास पावलेले जंगल आहे’ असा निष्कर्ष काढणे ही वेगळी गोष्ट. छत्राची टक्केवारी झाडे किती आहेत ते सांगते. ती कोणत्या परिस्थितीत घडलेली आहेत, ते सांगत नाही.

जयश्री रत्नम, महेश शंकरन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नेमका हा मुद्दा मांडला. वन आणि सव्हाना यांतील भेद झाडांच्या दाटीवरून नव्हे, तर वनस्पतींच्या गुणधर्मांवरून ओळखावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सव्हानातील झाडे उन्हाची भुकेली असतात, सावली सहन करत नाहीत. त्यांची साल जाड असते. आगीनंतर बुंध्यातून वा मुळांतून त्यांना पुन्हा फुटवे येतात. ऐनाची भेगाळलेली जाड साल किंवा जळल्या माळावर पुन्हा फुटणारा पळस आठवा. जाड साल आतील जिवंत थराला उष्णतेपासून वाचवते. सालीची जाडी दुप्पट झाली, तर उष्णता आत पोहोचण्यास साधारण चौपट वेळ लागतो.

येथे मोजणीतही सावधगिरी हवी. मोठ्या झाडाची साल स्वाभाविकपणेच जाड असते. म्हणून जाडी खोडाच्या व्यासाच्या तुलनेत पाहावी. लहान रोपांची साल अवश्य मोजावी, कारण आगीची खरी परीक्षा त्यांचीच होते.

निवडीचा परिणाम

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतला नाही. २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर अवनत जमीन पूर्ववत करण्याचे उद्दिष्ट भारताने २०१९ मध्ये जाहीर केले. कोणती जमीन अवनत मानायची, हे आपण काय मोजतो यावर अवलंबून आहे. नैसर्गिक तृणभूमीला उजाड जंगल समजून तेथे दाट वृक्षलागवड केली, तर सावलीने गवत मरते. गवतासोबत माळढोक व काळवीट यांचा अधिवास आणि पशुपालकांची कुरणेही जातात. उलट, खरोखर तुटलेल्या जंगलास तृणभूमी समजून सोडून दिले, तर तेही नुकसानच.

तेव्हा मित्रहो, क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारा. माझा प्रश्न कोणत्या प्रक्रियेविषयी आहे? त्या प्रक्रियेत वनस्पतीच्या जगण्या-मरण्याचा निर्णय कोणता गुणधर्म करतो? आणि तो थेट मोजणे शक्य नसल्यास, त्याचा विश्वासार्ह प्रतिनिधी कोणता? या तिन्हींची उत्तरे लिहून झाल्यावरच मोजपट्टी हाती घ्या. आपण जे मोजत नाही, ते अहवालात येत नाही. आणि जे अहवालात येत नाही, त्याचा विचार नियोजनात क्वचितच होतो.