उतरत्या वयाचा भाव

खेळाडूने पस्तिशी ओलांडली की आपण त्याला मोडीत काढतो. मीही काढत असे. २०१८च्या आयपीएल लिलावात चेन्नईने ३६ वर्षांच्या शेन वॉटसनला ४ कोटींना घेतले, तेव्हा मीही हसलो होतो. त्या संघाची ‘डॅड्स आर्मी’ म्हणून थट्टाच चालली होती. २७ मे रोजी वानखेडेवर अंतिम सामना झाला. पहिल्या दहा चेंडूंवर वॉटसनला एकही धाव काढता आली नाही. पण तो गडबडला नाही. ५७ चेंडूंत नाबाद ११७ धावा करून त्याने चषक जिंकून दिला!

मग जुने ते सोनेच समजायचे का? तसेही नाही. २०१५ साली दिल्लीने ३३ वर्षांच्या युवराजसिंगसाठी १६ कोटी मोजले. १४ सामन्यांत त्याच्या धावा झाल्या २४८. माझ्या मते, ती किंमत २०११च्या विश्वचषकातल्या युवराजची होती.

वयाबरोबर पाय मंदावतात, पण सामन्याची नाडी ओळखणारी नजर टिकून राहते. किंमत करायची ती त्या शिल्लक राहिलेल्या गुणाची. सरलेल्या दिवसांची नव्हे.